फ्लॅनेलवरचा धाकटा मुलगा

चंदिगढच्या आमच्या मराठी बायका मला हळदीकुंकवाला बोलवायच्या. कुंकू न लावता वाण तेवढं द्यायच्या. चहा झाला की कुणीतरी हळूच विचारायची, "पण तुम्ही नक्की काय करता हो? लोकांना बाटवता?" मी म्हणायचे, "बाटण्याइतकं माझं कुणी ऐकलं असतं तर एवढ्या चपला झिजल्या असत्या का?" बायका हसायच्या, पण शंका काही जायची नाही. म्हणून आता लिहूनच सांगते.

मी बायबलबाई होते. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, देवळात बोलतो. बायबलबाई घरात जाते, जिथे पाळकाला ओसरीच्या आत कुणी घेत नाही. चुलीपाशी बसायचं, गोष्ट सांगायची, प्रार्थना करायची, उठायचं. दवाखान्यात ज्याला भेटायला कुणी येत नाही त्याच्या खाटेपाशी बसायचं. पिंजौरचा एक ट्रकवाला मला म्हणाला होता, "बीबी, किताब रख दे, पीठ खुजला दे." मी पुस्तक ठेवलं आणि पाठ खाजवली. दुसऱ्या आठवड्यात खाट रिकामी होती. त्याच्यापर्यंत सुवार्ता पोचली का, ते देवाला माहीत. खाज थांबली होती एवढं मी सांगू शकते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, जालन्याकडच्या मिशनच्या शाळेत. मालक सेक्टर ३९ मधल्या सरकारी संस्थेत गाडी चालवायचे, त्यांच्यामागे मी इकडे आले. हे काम मला सालोमीबाईंनी शिकवलं. त्या आमच्याच भागातल्या, म्हाताऱ्या, अतिशय खडूस. त्यांचं म्हणणं एवढंच असायचं: एका घरात पाहिलेलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही, आणि कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. बाकी पवित्र शास्त्र हळूहळू कळतं.

मरताना त्यांनी मला आपला फळा दिला. साधा प्लायवूडचा तुकडा, त्यावर ताणून बसवलेलं निळं फ्लॅनेल. बरोबर कागदी माणसं, वीतभरसुद्धा नाहीत. प्रत्येकाच्या पाठीला फ्लॅनेलची पट्टी चिकटवलेली. फ्लॅनेलवर फ्लॅनेल दाबलं की माणूस उभा राहतो, गोंद लागत नाही. गोष्ट पुढे सरकते तशी माणसं लावायची, काढायची. वारा आला की मात्र पडतात, म्हणून पंखा बंद करावा लागतो. जूनमध्ये चंदिगढात पंखा बंद करून गोष्ट ऐकणाऱ्यांना स्वर्ग मिळायला हरकत नाही.

सगळ्यात चालणारी गोष्ट उधळ्या पुत्राची. एका माणसाला दोन मुलगे. धाकटा आपला वाटा घेऊन दूर देशी जातो, सगळं उडवतो, डुकरं राखता राखता उपाशी मरायला लागतो, तेव्हा घराकडे वळतो. बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत जाऊन गळ्यात पडतो. या गोष्टीत धाकटा मुलगा दोनदा येतो, म्हणून पिशवीत धाकटे दोन. एक जाणारा, रंगीत झग्यातला. दुसरा परतणारा, चिंध्यांतला, अनवाणी, बोडका. परतणारा नसेल तर गोष्ट पुरी होत नाही.

हे सगळं सांगितलं, कारण पुढचं त्याच्यावर उभं आहे.

ती वर्षं पंजाबातल्या दहशतीची होती. अंधार पडायच्या आत माणसं घरी येत. बसमध्ये बसलं की आधी कोण कोण बसलंय ते पाहत. मी दर बुधवारी दुपारी बसनं डेराबस्सीला जायचे. तिथे कारखान्यांत काम करणारी आमच्या चर्चच्या मंडळीतली काही कुटुंबं एका शीख बाईच्या घरामागच्या खोल्यांत भाड्यानं राहत होती. वाटेत पोलिसांचा नाका लागायचा. एकदा शिपायानं माझी पिशवी उलटी केली आणि कागदी माणसं हातात घेऊन एकेकाची चौकशी केली.

"ये कौन?"

"बाप."

"और ये?"

"धाकटा मुलगा. घर सोडून गेलाय."

"कहाँ?"

"दूर देशी."

"कौन से देश? बॉर्डर पार?"

मागून एक म्हातारा सरदार म्हणाला, "ओए, कागज़ दा मुंडा ए, एहनूं तां छड्ड दे!" कागदाच्या पोराला तरी सोड. बसमध्ये कुणी हसलं नाही. शिपायानंही नाही. त्यानं त्या धाकट्याला उन्हाकडे धरून नीट पाहिलं आणि परत दिलं.

डेराबस्सीच्या खोलीत मी पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली तेव्हा भाडेकरी बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. एकीनं मला डोळ्यांनी खुणावलं. मला वाटलं, पंखा लावायचाय. मी सांगत राहिले. मग दिसलं की दारात घरमालकीण उभी आहे. उंच, हाडापेराची, हाताला कणीक. तिला सगळे बीजी म्हणायचे, म्हणजे आई.

मी परतणारा मुलगा लावून गोष्ट संपवली. ती म्हणाली, "फेर?" म्हणजे, पुढे?

"पुढे काही नाही. परत आला. बापानं जेवण घातलं."

"एहदी माँ कित्थे है?" याची आई कुठाय?

"गोष्टीत आई नाही."

"मग जेवण केलं कुणी?"

मी माणसं काढून पिशवीत भरायला लागले. हे सालोमीबाईंनाही कुणी विचारलं नसेल.

बाहेर आल्यावर बायकांनी सांगितलं. बीजींचा एकुलता एक मुलगा जस्सी आदल्या हिवाळ्यात मोटरसायकलची चेन बदलून आणतो म्हणून गेला तो गेलाच. कुणी म्हणे रानातल्या बंदूकवाल्या पोरांनी नेला, कुणी म्हणे जीपमधून आलेल्या पोलिसांनी. मोटरसायकल सापडली, चेन नवी घातलेली. मी चरफडले. माझ्यादेखत त्या खुणावत होत्या आणि मी पंख्याचं समजत होते.

पुढच्या बुधवारी बीजी खोलीच्या दारात माझ्या आधीच बसली होती. "ओही सुणा," म्हणाली, तीच सांग. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. काही महिन्यांत भाडेकरी कुटुंबं भीतीनं आपापल्या गावी गेली. शेवटची खोली रिकामी झाली तेव्हा मला वाटलं, आता बुधवार सुटला. बीजी म्हणाली, "भैणजी, तू तरी येत जा." आमचे पाळक म्हणाले, "बाई, शास्त्रात दुसऱ्याही गोष्टी आहेत." मी म्हटलं, "मला माहीत आहेत. तिला नको आहेत."

मग एका रविवारी मुलांच्या शाळेत मी फळा लावला आणि परतणारा धाकटा पिशवीत सापडेना. पिशवी झटकली. बाप हात पसरून उभा, समोर कुणी नाही. एका डॉक्टरांचा मुलगा म्हणाला, "आंटी, वो वापस नहीं आया?" मी म्हटलं, "आला समज." मुलांना अशी समज पटत नाही. मला वाटलं बसमध्ये पडला, नाक्यावर गेला.

जून लागला होता. बुधवारी डेराबस्सीला उतरले तर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कारखान्याचा औषधी वास तेवढा हवेत होता. बीजीनं मला बैठकीत बसवलं, कूलर लावला. तिचे मालक सरदारजी, वीजखात्यातून निवृत्त झालेले, फार कमी बोलणारे, गुरुद्वाऱ्यात गेले होते. मी पाणी मागितलं, बीजी आत गेली आणि तेवढ्यात लाईट गेली. कूलर थांबला. त्या आवाजाची इतकी सवय झालेली असते की तो थांबला की घर एकदम मोठं वाटतं.

त्या शांततेत शेजारच्या खोलीचं दार वाजायला लागलं. थोडं उघडायचं, चौकटीला लागायचं, परत उघडायचं. वारा तर पानालाही नव्हता. मी भुताखेताला मानत नाही. दार लावायला उठले.

आत पलंग होता. जूनचं ऊन भिंतीतून भाजत होतं आणि पलंगावर जाड लाल लोकरी ब्लँकेट घातलेलं होतं, नीट, चारी कोपरे खोचून. उशीशी ब्लँकेटची कड जराशी उलटी दुमडली होती, आणि तिथे माझा कागदी धाकटा उताणा झोपला होता. छातीपर्यंत पांघरूण घेऊन.

माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते. मी हात पुढे केला.

"उठाईं ना," मागून बीजी म्हणाली, उठवू नकोस. "आत्ताच झोपलाय."

पाण्याचा पेला तिच्या हातात होता आणि पेला हलत नव्हता. तिचा चेहरा वेडीचा नव्हता. वेड्या बायका मी दवाखान्यात पुष्कळ पाहिल्या आहेत.

मी म्हटलं, "बीजी, ही वस्तू मिशनची आहे. द्या."

"तुझ्याकडे हा दर बुधवारी परत येतो," ती म्हणाली. "रविवारी मुलांसमोर येतो. तुझ्या पिशवीत असला की तुझ्याच फळ्यावर येणार ना? माझ्याकडे कधी येणार?"

मी पाणी प्यायले. चपला घातल्या आणि निघाले. धाकटा तिथेच राहिला. पाळकांना सांगितलं, हरवला. हरवलाच होता.

तिथून पुढे मुलांना मी ती गोष्ट सांगितली नाही. पण बुधवार चुकवला नाही. चुकवावासा वाटला नाही असं नव्हे. दर वेळी तो कागदाचा मुलगा वेगळ्या ठिकाणी असायचा. कधी खुर्चीच्या लोकरी गादीला उभा चिकटलेला, कधी खुंटीवरच्या स्वेटरच्या छातीवर. बीजी सहज म्हणायची, "काल उशिरा आला. बारीक झालाय." एकदा पाहिलं तर त्याच्या बोडक्या डोक्यावर पगडी होती. जस्सीच्या फिरोजी पगडीचा नखाएवढा तुकडा, बारीक चुण्या घालून डकवलेला. इतका सुबक की छापलेलाच वाटावा. सरदारजी त्याच्यासमोरून जायचे तेव्हा अंग चोरून जायचे, वाटेत कुणी उभं असावं तसं.

आणि एका बुधवारी बीजी आणि सरदारजी दोघंही दारात उभी होती. लांबच्या एका गावातल्या दवाखान्यातून कुणीतरी निरोप आणला होता. काही बेवारशी प्रेतं आली आहेत, त्यात एक या वयाचा आहे, पाहून जा. सरदारजींनी बूट घातले होते.

"तू यांच्याबरोबर जा," बीजी मला म्हणाली. "हे एकटे गेले तर मला खरं सांगणार नाहीत. तू खोटं बोलत नाहीस."

सरदारजी म्हणाले, "ओ जी, भैणजींना कशाला."

"तिलाच," बीजी म्हणाली.

गेलो. दवाखान्यामागे पत्र्याची खोली होती. तिथल्या माणसानं नाकाला फडकं बांधलं होतं, त्यानं आम्हालाही दिलं. चादर वर केली. मी प्रेतं पाहिली आहेत, धुतलीही आहेत, म्हणून पाहू शकले. पण चेहऱ्याचं ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. जस्सीला मी फोटोशिवाय कधी पाहिलेलंही नव्हतं. सरदारजींनी चेहऱ्याकडे पाहिलं नाही. ते पायांकडे गेले आणि एका पावलापाशी उभे राहिले. खूप वेळ. मग सरळ, रोजच्या आवाजात म्हणाले, "नहीं जी. साडा नहीं." आमचा नाही.

बाहेर त्यांनी मला विचारलं, "भैणजी, तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं. पण मला ओळखता आलं नसतं."

"बस्स. तेच सांगा तिला."

मी मनात देवाचे आभार मानले. कुणा दुसरीचा मुलगा होता, तिच्यासाठीही प्रार्थना केली. बसमध्ये सरदारजी खिडकीबाहेर पाहत बसले होते. डेराबस्सीला उतरून घराकडे चालताना एक मोकळा प्लॉट लागतो, वाळक्या गवताचा. तिथे ते थांबले. गुडघे दुखत असूनही वाकले, गवताची एक काडी उचलली, मोडली, खांद्यावरून मागे टाकली आणि चालायला लागले. मला वाटलं, दात कोरायला घेतली होती, कच्ची निघाली.

बीजी फाटकाशी उभी होती. सरदारजी म्हणाले, "साडा नहीं सी." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सरदारजी म्हणाले, आपला नाही. मला ओळखू आला नसता." ती आत गेली, कढईत तूप घातलं आणि शिरा केला. गल्लीत घरोघर वाटला. माझ्या हातावर इतका गरम ठेवला की भाजलं.

पुढच्या बुधवारी ती कणीक मळत होती. इतकी बोलत होती की हीच का ती बाई असं वाटावं. जस्सी लहानपणी चोरून लोणी खायचा, शाळेतून पळायचा. मग म्हणाली, "परतताना सरदारजी रडले का ग? माझ्यासमोर रडत नाहीत."

"नाही हो. एक शब्द बोलले नाहीत. त्या मोकळ्या प्लॉटपाशी वाकून एक काडी उचलली, मोडली, मागे टाकली, एवढंच."

तिचे हात कणकेत थांबले.

"मागे वळून पाहिलं?"

"नाही."

"तू पण मोडलीस?"

"मी कशाला मोडू?"

तिनं परात बाजूला सारली. मग तिनं मला सांगितलं, लहान मुलाला सांगतात तशा आवाजात. त्यांच्या गावाकडे प्रेत जाळून परतताना अर्ध्या वाटेवर माणसं काडी मोडतात आणि मागे टाकतात. गुरुद्वाऱ्यात हे मानत नाहीत, पण जुनी माणसं करतात. नातं तुटलं. गेलेल्यानं आता मागोमाग घरी येऊ नये.

"परक्यासाठी कुणी मोडत नाही," ती म्हणाली.

जे सरदारजींनी लपवलं होतं, आणि जे मलाही माहीत नव्हतं, ते मी माझ्याच तोंडानं तिला सांगून बसले होते. खोटं बोलत नाही म्हणून तिनं मला पाठवलं होतं. मी खोटं बोलले नव्हते.

ती रडली नाही. हात धुतले, आतल्या खोलीत गेली आणि माझा धाकटा घेऊन आली. पगडीसकट.

"घे."

"राहू दे, बीजी."

"नको. याच्या बापानं याला घरी यायची मनाई केलीय. तू ने. तुझ्या गोष्टीतला बाप दार उघडं ठेवतो." मग माझं मनगट धरलं, कणीक अजून नखांत होती. "यांना कळू देऊ नकोस मला कळलंय ते. माझ्यासाठी एवढं मोठं खोटं बोललेत. ते ओझं घेऊन एकटेच त्या खोलीतून बाहेर आलेत."

मी निघाले तर फाटकाशी सरदारजी. हळूच म्हणाले, "भैणजी, येत राहा. तिची आशा राहायला पाहिजे. त्याच्यावरच जगतेय."

आता तुम्हीच सांगा, यात बायबलबाईनं काय करायचं असतं? सालोमीबाईंनी दुसऱ्या घरात न्यायचं नाही असं शिकवलं होतं. एकाच घरात या खोलीतलं त्या खोलीत न्यायचं की नाही, ते शिकवलं नव्हतं. मी ठरवलं, न्यायचं नाही. विचारलं तर सांगेन. कुणी विचारलं नाही.

मी जात राहिले. वर्षानुवर्षं. दहशत ओसरली, बसगाड्या अंधारातही चालायला लागल्या. त्या घरात मात्र रोज पलंगावर लाल ब्लँकेट नीट घातलं जायचं. सरदारजी बाजारातून जस्सीच्या आवडीची, जिलबीसारखी इमरती आणायचे, बीजी ती ताटलीत काढून ठेवायची. "आज यायला हवा," ते म्हणायचे. "येईल," ती म्हणायची. दोघं माझ्यासमोर एकमेकांकडे पाहत असायची आणि मी मध्ये पुस्तक उघडून बसलेली. पलंगावर कुणी नव्हतं. कागदाचाही नव्हता. तरी त्या खोलीकडे पाठ करून बसायला मला कधी जमलं नाही. सरदारजींनी एकदाही विचारलं नाही की तो कागदी मुलगा गेला कुठे.

पाळक अधूनमधून विचारायचे, "बाई, डेराबस्सीला काही फळ?" मी म्हणायचे, "नाही." बीजीनं शेवटपर्यंत आपला धर्म सोडला नाही, मी सोड म्हटलंही नाही. हरवलेल्यांना शोधायला मला पाठवलं होतं. त्या घरात कोण कोणापासून हरवलं होतं ते मला नीट माहीत होतं, आणि माझं काम दर बुधवारी तिथे जाऊन बसणं एवढंच होतं. हे फळात धरतात की नाही, मला माहीत नाही.

सरदारजी आधी गेले. निरोप मिळाला आणि मी पोचले तेव्हा गल्लीतली माणसं त्यांना पोचवून परतली होती. अंगणात, दोरीवर, ते लाल ब्लँकेट धुऊन वाळत टाकलेलं होतं. पाणी ठिबकत होतं. बीजी त्याच्याखाली खाटेवर बसली होती. मला म्हणाली, "आता कुणासाठी घालू?" पुढच्या थंडीत तीही गेली. आता त्या घरातलं कुणी उरलेलं नाही, म्हणून उंबरा ओलांडून हे बाहेर आणलं. नावं बदलली आहेत.

फळा अजून माझ्याकडे आहे. गुडघ्यांमुळे घरोघर जाणं सुटलं, पण रविवारी मुलं माझ्याकडे येतात. निळं फ्लॅनेल विटलंय. बाप, थोरला, डुकरं, सगळी पंखा लागला की पडतात. तो एकटा पडत नाही. त्याच्या पाठीच्या पट्टीत त्या ब्लँकेटचे लाल तंतू इतके गुंतलेत की काढताना नखानं सोडवावा लागतो.

मागच्या महिन्यात पुण्याहून बदलून आलेल्या एका घरातली मुलगी पहिल्यांदा आली होती. मराठी कळतं, बोलते हिंदी. गोष्ट संपली, मी परतणारा मुलगा बापासमोर लावला. ती पुढे येऊन अगदी जवळून पाहायला लागली.

"आंटी, जाते टाइम तो ये सरदार नहीं था. अब पगड़ी किसने बाँधी?"

"त्याच्या आईनं."

"पर स्टोरी में तो मम्मी है ही नहीं."

"आहे," मी म्हटलं. "बस खाली."